स्वतःचाच अशील

बुऱ्हाणपूरच्या कोर्टात वकील पुष्कळ झाले आणि पुढेही होतील, पण स्वतःलाच पोस्टकार्ड पाठवणारा वकील मी एकच पाहिला. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. आम्ही ज्युनियर त्यांना सर म्हणायचो, गाव वकीलसाहेब म्हणायचं, आणि शनवारा मोहल्ल्यातले पॉवरलूमवाले त्यांच्या माघारी जे म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. असं म्हणणाऱ्यांतले निम्मे त्यांचेच अशील होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच त्यांच्या जिन्यात चपला काढून बसलेले असायचे.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. कोर्टात अजून त्यांचे किस्से निघतात, पण ते विक्षिप्तपणाचे, हसण्यासाठी सांगितलेले. मीही हसते. मग घरी येताना मला उगाच अपराधी वाटतं, कारण त्या माणसाची एक दुपार मी फार जवळून पाहिली आहे, आणि तिच्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

आधी पोस्टकार्डांचं सांगते. प्रत्येक पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, आधी अशिलाला कार्ड जायचं. मोबाईल आले, व्हॉट्सअॅप आलं, तरी सरांचं कार्ड चालूच. "फोन एकट्याच्या कानात जातो," ते म्हणायचे, "कार्ड घरात जातं. बायको वाचते, आई वाचते, शेजारी वाचतो. मग अशिलाची काय टाप आहे तारीख चुकवायची!" मराठी अशिलाला मराठीत, हिंदीवाल्याला हिंदीत. उर्दू वाचणारा असला तर पोस्टाजवळच्या एका निवृत्त मास्तरांकडून उर्दूत लिहून घ्यायचे आणि खाली स्वतः वेडीवाकडी उर्दू सही करायचे. शेवटचं कार्ड निकालाचं. निकाल लागला, नकला मिळाल्या, मिठाई वाटून झाली, तरी ते कार्ड अशिलाच्या हातात पडेपर्यंत केस संपली असं सर मानायचे नाहीत. फाईल टेबलावरच राहायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "अजून चालू आहे. टपाल वाटेत आहे."

'अशील' हा शब्दही त्यांचाच म्हणायला हवा. आमचं गाव मध्य प्रदेशात, म्हणून कोर्टाची भाषा हिंदी. सर घरात मराठी आणि कोर्टात उत्तम हिंदी बोलायचे, पण हा एक शब्द त्यांनी हिंदीतही बदलला नाही. सगळे वकील मुवक्किल म्हणतात, पक्षकार म्हणतात. हे अशीलच म्हणायचे. एकदा चंबळकडचे एक नवीन न्यायाधीश बदलून आले होते. सर उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, मेरे अशील सत्तर साल के हैं, चल-फिर नहीं सकते, तारीख दी जाए."

साहेबांनी चष्मा काढला. "वकील साहब, आप अपने ही पक्षकार को अश्लील क्यों कह रहे हैं?"

सगळं कोर्ट खो-खो हसलं. शिपाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी साहेबांना शांतपणे समजावलं, "अशील मतलब असल, साहब. मूळ आदमी. वो खुद नहीं बोल पाता, इसलिए मुझे खड़ा करता है. मैं तो नकल हूँ. नकल को असल का नाम अदब से लेना चाहिए." त्यांची व्युत्पत्ती बरोबर होती की नाही मला ठाऊक नाही. पण ते साहेब बदलून जाईपर्यंत सरांना "आपके अशील" असंच म्हणत राहिले, जरा जपून, एकेक अक्षर तपासून.

आता अशिलाचं एवढं कौतुक करणारा माणूस अशिलाला छळायचाही तेवढाच. नवीन केस घेताना ते माणसाकडून त्याची हकीकत तीनदा ऐकायचे. पहिल्यांदा ऑफिसातल्या बाकावर बसवून. दुसऱ्यांदा उभं करून. आणि तिसऱ्यांदा राजघाटावर नेऊन, तापीच्या पायऱ्या उतरता उतरता. "बसलेला माणूस आरामात खोटं बोलतो," ते सांगायचे, "उभ्यानं निम्मं बोलतो. पायऱ्या उतरताना त्याला पायांकडं बघावं लागतं, तिथं खोटं जुळवायला सवड नसते." आम्ही याची पाठीमागं टिंगल करायचो. मग एकदा बहादरपूरचा एक केळीवाला आला. शेजाऱ्यानं बांध सरकवला म्हणून बसून रडला, उभ्यानं रडला. तिसऱ्या दिवशी सरांबरोबर राजघाटावर मीही होते. निम्म्या पायऱ्या उतरल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, बांध मीच सरकवला. पन त्यानं आधी माझं पानी तोडलं होतं, हे बी खरं."

मला वाटलं, सर आता त्याला हाकलणार. सर तिथूनच मागं फिरले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून वर चढू लागले आणि म्हणाले, "चल, आता वकीलपत्र लिहू. आत्ता तू मला सगळा मिळालास."

खोटं बोललेल्या अशिलाला त्यांनी कधी टाकलं नाही. फक्त अर्धा अशील घेऊन कोर्टात उभं राहायची त्यांची तयारी नसायची. आणि साक्ष नोंदवताना तर त्यांच्यासारखा खट माणूस मी दुसरा पाहिला नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात, तो टाईप करतो, ही आमची पद्धत. त्या टाईप झालेल्या कागदावर सर डोळ्यात तेल घालून बसायचे. साक्षीदार 'मैं भी गया था' म्हणाला आणि कागदावर 'मैं गया था' आलं, तर त्या एका 'भी'साठी ते अख्खी दुपार भांडत. टायपिस्ट त्यांना पाहिल्याबरोबर कपाळाला हात लावायचा.

माझी पहिली उलटतपासणी होती तेव्हा मी तेवीस प्रश्न लिहून नेले होते. सरांनी कागद हातात घेतला, पेन काढलं आणि बावीस प्रश्न खोडले. "प्रश्न एवढा लहान विचार, की साक्षीदाराला त्यात लपायला जागा नको. आणि 'काय', 'का', 'कसं' असं मोकळं कधी विचारायचं नाही. त्याला दार उघडून देशील, तर तो त्यातून पळणारच." सात वर्षांनी एके दिवशी म्हणाले, "तू आता माझ्यासारखी बोलायला लागलीस. जा, वेगळं ऑफिस थाट. स्वतःसारखं बोलायला शीक." ही आमच्या सरांची निरोप देण्याची रीत. मी रडले, चिडले, आणि कोर्टासमोर एक खोली घेऊन पाटी लावली.

त्या खोलीत एक दिवस आत्या आली. आत्या म्हणजे सरांची धाकटी बहीण, रावेरला दिलेली. दर भाऊबीजेला ती यायची आणि सरांची मुलं तिला आत्या म्हणायची म्हणून आम्ही ज्युनियरही आत्या म्हणायचो. सर सत्तरीच्या त्या बाईला 'बेबी' म्हणून हाक मारायचे आणि तीही "काय रे दादा" म्हणत पोरीसारखी जिना चढायची. त्या दिवशी मात्र ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली आणि पिशवीतून एक घडी पडलेला, हळदीकुंकवानं डागाळलेला कागद काढला.

ती हक्क सोडल्याच्या दस्ताची नक्कल होती. सर राहत होते ते शनवाऱ्याजवळचं दुमजली घर त्यांच्या वडिलांनी, मास्तरकी करून, बांधलेलं. वडील गेल्यावर वारस दोघंच, सर आणि आत्या. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी आत्यानं आपला अर्धा हिस्सा भावाला सोडून दिला होता. दस्त हिंदीत, सरांनी स्वतः लिहिलेला. वकिली तेव्हा नवीन होती त्यांची.

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दादानं कागद पुढं केला," आत्या सांगू लागली. "मी मराठी शाळेतली, पन अक्षरं तर तेच ना बेटा. मी बोट लावून लावून वाचलं. बाकीचं काही समजलं नाही. शेवटी लिहेल होतं, मुझे भविष्य में कोई आपत्ति नहीं होगी. मी म्हटलं, दादा, मले पुढं कधी आपत्ती येनार नाही, असं लिहिलंस का रे? तर दादा हसला. म्हने, हो बेबी, कधीच नाही येनार. मग मी सही केली."

हे नीट समजायला आमच्या गावात जन्मावं लागतं. आपत्ती म्हणजे मराठीत संकट. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. बाजारातली हिंदी आत्याला येत होती, पण बाजारात आपत्ति कुणी म्हणत नाही, ऐतराज म्हणतात. तेव्हा कागद म्हणत होता, 'माझी पुढं कधी हरकत राहणार नाही', आणि बहीण वाचत होती, 'माझ्यावर पुढं कधी संकट येणार नाही'. तिला वाटलं, भावानं आशीर्वाद लिहून दिला.

तिनं त्या कागदाची नक्कल मागून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

"मालक गेले तवा काढला, देवापुढं ठेवला," ती म्हणाली. "मुलाचं दुकान जळालं तवा काढला. मी आजारी पडली तवा उशाखाली ठेवला. म्हनायची, दादानं लिहून देल्लं आहे, हे बी टळेल." या दिवाळीला देव्हारा पुसताना सुनेच्या हाताला तो लागला. सून खंडव्याची, हिंदी शाळेत शिकलेली. ती उभ्या उभ्या वाचून म्हणाली, "आई, ये तो हक छोड़ने का कागज है. आपत्ति मतलब ऐतराज."

आत्यानं कागदाची घडी घालून तो मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मले घराचं एवढं नाही वाटलं पोरी. चाळीस वर्षं मी काय पुजून राहिली होती, तेच समजेना."

ती भावाकडं गेली होती. भाऊ म्हणाला, मी तुला सगळं वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, नाही दाखवलं. तेव्हा तो म्हणाला, "मग कोर्टात जा. वकील कर." आणि वकील म्हणून माझं नाव त्यानंच सांगितलं होतं. तिला खालच्या दोन खोल्या हव्या होत्या. "रावेरले मुलाच्या घरी जागा लहान. मी पाय आखडून झोपते. मले माह्या बापाच्या घरात पाय लांब करून झोपायचंय."

मी सरांकडं गेले. सांगितलं, तुम्ही नको म्हणालात तर ही केस मी घेणार नाही. ते फायलीतून वर न बघता म्हणाले, "घे. पण नीट लढ. ढिसाळ काम केलंस तर लोक म्हणतील, याच्या हाताखाली शिकली होती."

"तुमच्याकडून कोण उभं राहणार?"

"मीच. माझ्या अशिलाला मी पुरेसा आहे."

"आणि तुमचं म्हणणं काय आहे, सर?"

"वकिलाला म्हणणं नसतं. अशिलाचं म्हणणं आहे की त्यानं दस्त वाचून दाखवला." मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहून म्हणाले, "अशील जरा हट्टी आहे."

पुढचे काही महिने गावाला बसल्या जागी करमणूक झाली. सरांनी स्वतःच्या नावे रीतसर वकीलपत्र लिहिलं. वर अशील म्हणून सही, खाली 'स्वीकारले' म्हणून पुन्हा सही. कोर्टातल्या बाबूनं सांगितलं, साहेब, स्वतःसाठी याची गरज नसते. सर म्हणाले, तुमच्या फायलीला नसेल, माझ्या फायलीला आहे. प्रत्येक पेशीच्या आधी ते पोस्टात जाऊन स्वतःच्या पत्त्यावर कार्ड टाकत, आणि तीन-चार दिवसांनी पोस्टमननं ते आणून दिलं की जिन्यात उभे राहून लक्षपूर्वक वाचत. स्वतःच्या केसचा विचार करायचा झाला तर टेबलामागून उठून अशिलांच्या बाकावर जाऊन बसत. मी हे ऐकून हसायचे, आणि मग पुन्हा आत्याची फाईल उघडून बसायचे, कारण माझी केस कशावर उभी होती ते मला माहीत होतं.

एवढ्या वर्षांपूर्वीचा नोंदलेला दस्त. मुदत केव्हाच संपलेली. एकच वाट होती: सही घेताना फसवणूक झाली आणि ती आत्याला आत्ता कळली, हे सिद्ध करायचं. आणि सही झाली त्या खोलीत तेव्हा माणसं दोनच होती. बहीण म्हणत होती, भाऊ 'हो' म्हणाला. भाऊ 'नाही' म्हणाला की संपलं. आत्याच्या दोन खोल्या त्या एका 'हो'वर होत्या, आणि तो 'हो' सरांच्या तोंडातून काढायचा होता, ज्यांच्याकडून मी तोंड उघडायला शिकले.

त्यांचा लेखी जबाब आला. माझ्या दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला, आमच्याकडं त्याला कंडिका म्हणतात, ठरलेलं उत्तर होतं: 'अस्वीकार है'. फक्त सातव्या कंडिकेला नाही. सातवी कंडिका 'आपत्ति' शब्दाची होती. तिथं सरांनी लिहिलं होतं, 'इस विषय में प्रतिवादी शपथ पर कहेगा.' ते वाक्य मी दहादा वाचलं. मला खात्री होती की हा सापळा आहे. एवढा उघडा सापळा लावणारा माणूस किती पुढचं बघत असेल!

साक्षीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी राजघाटावर गेले होते. सर दिसले. एकटेच पायऱ्या उतरत होते. ओठ हलत होते, आणि उजवा हात अशिलाला विचारताना हलायचा तसा हलत होता. आजूबाजूला कपडे धुणाऱ्या बायका होत्या, त्यांना सवय होती, कुणी पाहिलं नाही. निम्म्या पायऱ्यांवर सर थांबले. मग तिथंच, ओल्या पायरीवर, मटकन खाली बसले. मी पुढं जायला पाऊल उचललं आणि परत ठेवलं. मी विरुद्ध बाजूची वकील होते. बऱ्याच वेळानं ते उठले, वर आले, माझ्या बाजूनं जाताना क्षणभर थांबले. धोतराला मागून ओलं लागलेलं.

"काय झालं, सर?"

"अशील बोलला," ते म्हणाले. "काय बोलला ते वकिलानं सांगायचं नसतं." आणि निघून गेले.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. स्वतःच्या केसमध्ये वकिलानं काळा कोट आणि गळ्याचा पांढरा बँड घालून उभं राहू नये, असा शिरस्ता आहे. सरांनी दारातच बँड सोडला, कोट काढला, तो नीट झटकून वकिलाच्या खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. खुर्चीत कोट आणि पिंजऱ्यात माणूस. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोर्टात कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. खांदे एवढे बारीक असतील असं वाटलं नव्हतं. शेवटच्या बाकावर आत्या पदर आवळून बसली होती आणि भावाकडं बघत नव्हती.

न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, हिंदीभाषक. त्यांनी मला खूण केली. मी चाळीस प्रश्न लिहून आणले होते. ते मी टेबलावर पालथे ठेवले.

"आपत्ति शब्द का मराठी में क्या अर्थ होता है?"

"संकट," सर म्हणाले.

"दस्तखत करने से पहले आपकी बहन ने इस शब्द के बारे में आपसे कुछ पूछा था?"

'नहीं' म्हटलं असतं तर माझ्याकडं पुढचा प्रश्न नव्हता. 'याद नहीं' म्हटलं असतं तरी नव्हता, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आत्याकडंही नाही. त्यांनी खुर्चीवरच्या आपल्या कोटाकडं पाहिलं.

"पूछा था."

"क्या पूछा था?" माझ्या तोंडून गेलं. मोकळा प्रश्न. जो कधी विचारायचा नाही असा.

सर मराठीत बोलले, जसं तिनं विचारलं होतं तसं. "दादा, मले पुढं कधी आपत्ती येनार नाही, असं लिहिलंस का रे?" मग कोर्टासाठी तेच हिंदीत सांगितलं. "और मैंने कहा, हाँ बेबी, कभी नहीं आएगी."

मॅडम टायपिस्टकडं वळून हळू आवाजात सांगू लागल्या. चांगल्या बाई होत्या, म्हाताऱ्या वकिलाची लाज राखायला बघत होत्या. "लिखो, मैंने अपनी बहन को उस शब्द का सही अर्थ नहीं बताया."

"माफ कीजिए मैडम," पिंजऱ्यातून आवाज आला, तोच, 'भी'साठी भांडणारा. "मैंने यह नहीं कहा. 'अर्थ नहीं बताया' में तो भूल भी आ जाती है. मुझसे भूल नहीं हुई. मैंने 'हाँ' कहा था. 'हाँ' लिखवाइए. और यह भी लिखवाइए कि मैं दोनों भाषाएँ जानता था."

"दादा, बस झालं रे," मागून आत्याचा आवाज आला. शिपायानं तिला गप्प बसवलं.

सरांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि खाली सही केली. आपल्याच विरुद्धची साक्ष त्यांनी दुसऱ्या कुणाच्याही साक्षीइतकीच काटेकोर तपासली. मी खूप कोर्टं पाहिली, शूर म्हणवणारी माणसं पाहिली. पण स्वतःच्या बचावाला ठेवलेली शेवटची फट स्वतःच्या हातानं बुजवणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि भर कोर्टात त्यांच्या पाया पडावं असं मला वाटलं. मी आत्याची वकील होते, म्हणून जागची हलले नाही.

मॅडमनी रीतीप्रमाणं विचारलं, "प्रतिवादी की ओर से कोई पुनः परीक्षण?" म्हणजे साक्षीदाराच्या स्वतःच्या वकिलाला काही सावरून घ्यायचं असेल तर ही शेवटची संधी. वकिलाच्या खुर्चीत कोटच होता. सर पिंजऱ्यातून उतरले, सावकाश चालत खुर्चीपाशी आले, कोटावर हात ठेवून उभे राहिले.

"पुनः परीक्षण नहीं करना है, मैडम. मेरे अशील ने सच कहा है."

त्या शब्दावर त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बाहेर कडुनिंबाखाली त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, काही मोठं बोलतील. म्हणाले, "'क्या पूछा था'? हा प्रश्न झाला? हेच शिकवलं मी तुला? दुसरा साक्षीदार असता तर पळाला असता ना त्यातून."

"दुसरा साक्षीदार नव्हता, सर." मी म्हटलं. "पण मग एवढं लढलात कशाला? तिला घरीच सांगायचं होतं."

ते पारावर बसले. "घरी मला माहीतच नव्हतं. अशिलाला पहिल्यांदा बसवून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, वाचून दाखवलं होतं. खोटं नाही बोलला. त्याला तसंच आठवत होतं. इतकी वर्षं त्यानं स्वतःला तसंच सांगितलेलं. उभं केलं तेव्हा म्हणाला, ती काहीतरी बोलली, मी नुसता हसलो. पायऱ्या उतरताना 'हो' आठवलं." मग म्हणाले, "दुसरा वकील केला असता ना, तर तो बाकावरच थांबला असता. केस जिंकायला तेवढं पुरत होतं."

निकाल आत्याच्या बाजूनं लागला. अर्धं घर तिचं. अपिलाची मुदत, ताबा, नकला असल्या कशाची वाट न बघता सरांनी खालच्या दोन खोल्यांतल्या फायली स्वतः उचलून वर नेल्या आणि खोल्या झाडून घेतल्या. दुसऱ्या दिवशी आत्या ट्रंक आणि देव्हारा घेऊन रावेरहून आली.

आठवड्याभरानं मी मावा जिलेबी घेऊन तिला भेटायला गेले. खाटेवर पाय लांब करून बसली होती. मला पाहून उठली, दार लोटलं आणि देव्हाऱ्यातून एक पोस्टकार्ड काढलं.

"चार दिवस झाले येऊन. दादाच्या नावचं आहे, पन पोस्टमन आता खालीच देतो. मराठीत होतं, म्हनून वाचलं. तू वाच बरं, मी बरोबर समजली का बघ. हिंदी-मराठीचं आता मले भेव वाटते."

अक्षर सरांचं. पत्त्याच्या जागी सरांचंच नाव.

'स. न. वि. वि. आपल्या प्रकरणाचा निकाल आपल्या विरुद्ध लागला आहे. अपील करू नये, असा माझा सल्ला आहे. आपली बहीण यापुढे खाली राहील. तिच्या राहण्याला आपली आपत्ती नसावी. हा शब्द दोन्ही भाषांत वाचावा. कळावे. आपला, वकील.'

मी दोनदा वाचलं. म्हटलं, "बरोबर समजलीस आत्या."

तेवढ्यात वरून, जिन्याच्या तोंडाशी, काठीचा आवाज आला. "बेबी, माझं टपाल आलं का गं? एक केस अडकून पडली आहे."

आत्यानं कार्ड माझ्या हातून घेतलं, कपाळाला लावलं, देव्हाऱ्यात जिथं तो जुना कागद असायचा तिथं नीट उभं करून ठेवलं, आणि वर तोंड करून ओरडली,

"नाही आलं रे दादा!"